हाक कोणाच्या नावाने मारायची? : उपनगरातील एकटेपणा आणि आपला शेजार

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. मूळचे निमगाव सावा येथील, आपल्याच वस्तीतले एक नाना कल्याणच्या पुढे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. पत्नी वारल्या, मुलगी सासरी, मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला. एके रात्री नऊच्या सुमारास नाना बाथरूममध्ये पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. ती रात्र आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत नाना ओल्या फरशीवर पडून होते. कचरा नेणाऱ्या बाईच्या लक्षात आले की दाराबाहेर रोजची पिशवी नाही आणि दुधाची थैलीही कोणी आत घेतलेली नाही. तिने वॉचमनला बोलावले, वॉचमनने सेक्रेटरींना, आणि मग दाराचे लॅच तोडून नानांना बाहेर काढण्यात आले.

आम्ही इस्पितळात भेटावयास गेलो तेव्हा साहजिकच विचारले, "नाना, भिंतीपलीकडे माणसे होती ना? ओरडला का नाहीत?"

नाना म्हणाले, "होती की. त्यांची टीव्हीवरची मालिका मला आत ऐकू येत होती. दोन-चारदा ओरडलो, 'अहो, अहो' म्हणून. पण अहो म्हणजे कोण? हाक मारायची तर नाव ठाऊक पाहिजे. सात वर्षं झाली, मला त्यांचं नाव ठाऊक नाही."

हे ऐकून आम्ही परत आलो आणि आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी काढून पाहिली. यादीत नाना होते. पत्ता मात्र चाळीचा होता, जी सोडून त्यांना सात वर्षे होऊन गेली होती. म्हणजे ज्या इमारतीत ते राहत होते तेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते, आणि ज्या मंडळात सगळे ओळखत होते त्या मंडळाला ते कोठे राहतात हे माहीत नव्हते. दोष एकट्या इमारतीचा नाही, हे प्रथमच सांगून टाकतो, आणि मगच मूळ विषयाकडे वळतो.

एकटे असणे वेगळे, एकाकी वाटणे वेगळे

आपल्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात, पण अभ्यासक त्यांत फरक करतात. एकटे असणे ही मोजता येण्यासारखी स्थिती आहे : घरात किती माणसे, आठवड्यात किती जणांशी बोलणे झाले. एकाकी वाटणे ही जाणीव आहे. जितका सहवास हवासा वाटतो आणि जितका मिळतो, त्यांतील अंतर म्हणजे एकाकीपणा. म्हणून एखादा माणूस एकटा राहूनही सुखी असतो, आणि एखादी सून सात माणसांच्या घरात एकाकी असते. आपल्याकडे एकांताला कधीच वाईट मानलेले नाही. ध्यानाला, अभ्यासाला एकांत लागतोच. पण एकांत आपण निवडतो, एकाकीपणा आपल्यावर येऊन पडतो.

रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली आणखी एक भेद दाखविला. एक पोकळी जिवलग माणूस नसल्याची असते, दुसरी आजूबाजूला ओळखीचे वर्तुळ नसल्याची. एकीची भरपाई दुसरीने होत नाही. नानांचा मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉल करीत असे, आजही करतो. मुलगा गुणी आहे. परंतु बंगळुरूच्या मुलाला दाराबाहेरची दुधाची थैली दिसत नाही. त्या रात्री फोन लागला नाही तेव्हा वडील लवकर झोपले असतील असेच त्याला वाटले.

जॉन कॅसिओपो या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर पुष्कळ वर्षे काम केले. त्यांचे म्हणणे असे की भूक आणि तहान जशी शरीराची सूचना असते, तशीच एकाकीपणाही सूचना आहे : कळपापासून दूर पडलास, परत जा. माणूस लाखो वर्षे टोळीत राहिलेला प्राणी असल्यामुळे एकटे पडणे म्हणजे धोका, हे शरीराच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून अशा माणसाचे शरीर सतत पहाऱ्यावर असते. झोप सावध लागते, वरचेवर मोडते. आणि मुख्य म्हणजे इतरांच्या चेहऱ्यावर नसलेला तुटकपणा दिसू लागतो. शेजारी घाईत असल्यामुळे बोलला नाही, तर 'मुद्दाम तोंड फिरवले' असे वाटते. मग आपणही दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतो. म्हणजे ज्या दुखण्यावर माणसांत जाणे हा उपाय, तेच दुखणे माणसांत जाण्याची इच्छा मारते. विद्यार्थी मित्रांनी हे नीट लक्षात घ्यावे, कारण जो माणूस तुसडा झाला आहे असे आपण म्हणतो तो पुष्कळदा या चक्रात सापडलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये या प्रश्नासाठी खास आयोग नेमला. आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. त्यात जगातील दर ६ माणसांपैकी १ माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे असे म्हटले असून, त्याच्याशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार इतका दिला आहे. हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार नाही, तरुणांत त्याचे प्रमाण अधिकच आढळते, हेही त्यात आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगावयास नको. एका खोलीत चार कॉट, आणि चौघांच्या कानात चार वेगळे आवाज. इंग्लंडने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या कामासाठी मंत्री नेमले. मंत्री नेमून शेजार मिळतो का, याबद्दल आम्हांस शंका आहे, पण सरकारांना दखल घ्यावी लागली इतके खरे.

चाळीत शेजार कसा तयार होई

जुन्नर-आंबेगावची माणसे मुंबईला गेली ती कल्याण-नगर रस्त्याने, माळशेज घाट उतरून. गिरणी, गोदी, रेल्वे, महापालिका, भाजीबाजार अशा मिळेल त्या कामाला लागली. गिरणीतसुद्धा आपल्या लोकांना सूतखात्यात घेत, कापडखात्यात घेत नसत. कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि विटाळाचा प्रश्न येई. राहावयास गावकीची खोली किंवा कोणा नातलगाची खोली. पुढे कुटुंबे आली.

मुंबई इलाख्याच्या विकास खात्याने, म्हणजे ज्याला आपण बीडीडी म्हणतो त्याने, १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, चाळीत ८०. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मधल्या लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. संडास सामाईक. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब पुष्कळ वर्षे राहिले, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

आता प्रश्न असा की त्या चाळीत माणसे प्रेमळ होती आणि फ्लॅटमध्ये तीच माणसे कोरडी झाली काय? तसे मानण्याचे कारण नाही. माणसे तीच आहेत. रचना बदलली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बोस्टनजवळ एका विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी एक पाहणी केली. ती १९५० साली प्रसिद्ध झाली. दुमजली इमारती, मजल्यावर पाच घरे. तुमचे मित्र कोण, असे त्यांनी प्रत्येकास विचारले. शेजारच्या दाराला मित्र म्हणण्याचे प्रमाण शेकडा ४१ निघाले, एक दार सोडून पलीकडच्याचे २२, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या घराचे अवघे १०. अंतर काय, तर काही पावलांचे. जिन्यापाशी किंवा टपालपेट्यांपाशी ज्यांचे दार होते त्यांना मित्र अधिक. ते अधिक गोड स्वभावाचे होते म्हणून नव्हे, तर सगळ्यांना त्यांच्या दारावरून जावे लागे म्हणून. ठरवून केलेल्या भेटीपेक्षा न ठरवता वारंवार पडणारी गाठ ओळख घडविते, असा त्याचा अर्थ.

हे वाचले की चाळीचे गणित उलगडते. पाण्यासाठी रांग, संडासासाठी रांग, रॉकेलसाठी रांग. दार दिवसभर उघडे, कारण बंद केले तर १६० फुटांत जीव घुसमटे. मुलाला बोळात सोडले की वीस घरे त्याच्यावर नजर ठेवीत. कोणाच्या घरी तार आली, कोण दवाखान्यात आहे, कोणाच्या गिरणीत बदली कामगार घेत आहेत, हे सांगावे लागत नसे, कळत असे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की नोकरीची बातमी जिवलग मित्रापेक्षा पुष्कळदा साध्या ओळखीच्या माणसाकडून येते, कारण त्याचे जग आपल्यापेक्षा वेगळे असते. आमच्या पिढीतील कित्येकांना शिष्यवृत्तीचा फॉर्म असतो हे शेजारच्या खोलीतील मोठ्या मुलाकडून कळले. आई-वडिलांना ते ठाऊक असणे शक्यच नव्हते.

परंतु चाळीचे गोडवे गाणाऱ्यांत आम्हांस बसवू नये. सामाईक संडासाची रांग काय असते हे आपल्या आया-बहिणींना विचारावे. नवविवाहित जोडप्याने वीस बिऱ्हाडांच्या कानांत संसार कसा केला असेल? भांडणे होत ती पिढ्यानुपिढ्या चालत. आणि १९७४ साली वरळीची दंगल झाली तेव्हा समोरासमोरच्या चाळींतून एकमेकांवर दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या आल्या. तेव्हा शेजार म्हणजे आपोआप माया, असा हिशेब नाही. चाळीने माणसांना एकत्र ठेवले ते गरजेपोटी, आणि ती गरज संपली तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. स्वतःच्या घरात स्वतःचा संडास ही काही लहान मुक्ती नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो जसा मिटावयास हवा होता तसा मिटला नाही आणि गिरणगाव हळूहळू विस्कटले. पागडी विकून, फंडाचे पैसे घालून लोक कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, नालासोपारा, विरार, दिवा येथे गेले. आपल्या बाजूच्या लोकांनी कल्याणची लाइन अधिक धरली, कारण तेथून गावची एसटी सोयीची. घर झाले, पण दिवसाचे तास प्रवासाने खाल्ले. पहाटे पाचला निघालेला माणूस रात्री नवाला घरी येणार. त्याला शेजारी दिसणार केव्हा?

गंमत अशी की या लोकांना मित्र नव्हते असे नाही. ते गाडीत होते. ठराविक लोकल, ठराविक डबा, ठराविक खिडकी. तेथे भजने होत, वाढदिवस होत, एकमेकांच्या मुलांची स्थळे जमत. नानांचाही असा ग्रुप होता. निवृत्त झाल्या दिवशी गाडीत पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून ती माणसे संपली. कारण कोणी टिटवाळ्याचा, कोणी डोंबिवलीचा, आणि ज्या इमारतीत आता चोवीस तास काढावयाचे होते तेथे नानांची ओळख फक्त वॉचमनशी.

लिफ्टने जाणारा माणूस कोणाच्या दारावरून जात नाही. पाणी नळाला घरातच. दाराला सेफ्टी डोअर आणि त्यात बघण्यापुरती बारीक काच. मेंटेनन्स ऑनलाइन. सामान घरपोच. यातील एकेक सोय चांगलीच आहे, कोणी परत करू म्हटले तर आम्हीही करणार नाही. पण प्रत्येक सोयीबरोबर एकेक गाठ पडणे बंद झाले, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांचा बोळ सोडून तीच माणसे उंच मनोऱ्यात गेली आहेत. त्यांचा शेजार टिकतो की नाही हे आपल्या विद्यार्थ्यांनी जाऊन, विचारून नोंदवावे असे काम आहे. एम. ए. च्या प्रबंधाला याहून चांगला विषय सापडणार नाही.

दारावरची पाटी

येथपर्यंत जे सांगितले ते कोणत्याही समाजाला लागू आहे. पुढचे आपल्याला विशेष लागू आहे, आणि ते बोलावयास आपण कचरतो.

नानांच्या दारावर पाटी होती, पण तिच्यावर नुसती दोन आद्याक्षरे होती. आडनाव नव्हते. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आतल्या खोलीत, दार उघडले तरी दिसणार नाही अशा भिंतीवर. चाळीत हेच फोटो दाराच्या समोर होते आणि १४ एप्रिलला नाना स्वतः निळी पताका लावीत. मग येथे काय झाले? नानांनी सांगितले ते असे : फ्लॅट घेण्याआधी दोन वर्षे ते त्याच भागात भाड्याने राहिले. तेव्हा तीन ठिकाणी बोलणी ठरत आली, आणि पूर्ण नाव सांगितल्यावर 'घरात पाहुणे येणार आहेत' असे उत्तर मिळाले. तेव्हापासून त्यांनी ठरविले की कोणाला विचारावयाचे नाही आणि कोणी विचारण्याची वेळ आणावयाची नाही.

हा केवळ नानांचा भ्रम नव्हे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत फोनवर आणि प्रत्यक्ष जाऊन चौकशी करून पाहिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित आणि मुसलमान नावाच्या माणसांना नकार अधिक मिळाले, किंवा जाचक अटी घालण्यात आल्या, असे दिसून आले. शहरात जात लपते असे म्हणतात. ती लपत नाही, लपवावी लागते, आणि लपविणाऱ्याला शेजार परवडत नाही. कारण शेजाराची पहिली पायरीच मुळी 'तुमचं गाव कोणतं, आडनाव काय' ही असते. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. साठ वर्षांवर काळ लोटला, तरी ते शीर्षक जुने झाले असे म्हणवत नाही.

बोस्टनजवळच्या त्या पाहणीची मर्यादाही येथे दिसते. तेथील सगळे एका वयाचे, एका शिक्षणाचे, युद्धावरून परतलेले तरुण होते. सारखी माणसे जवळ आणली की मैत्री होते, हे तीवरून कळते. ज्यांच्यामध्ये समाजाने आधीच भिंत घातलेली आहे त्यांना नुसते जवळ आणून भागते काय, याचे उत्तर त्या पाहणीत नाही.

आम्ही पाहिलेली दोन उदाहरणे देतो. नाना इस्पितळातून घरी आले त्या संध्याकाळी पलीकडच्या बिऱ्हाडातील बाई पेज घेऊन आल्या. जळगावकडचे दोघे नवरा-बायको, मुले परदेशी. त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला वाटायचं तुम्हाला कोणी आलेलं आवडत नाही. तुमचं दार नेहमी पटकन बंद व्हायचं." नानांनी त्या दिवशी स्वतःहून पूर्ण नाव सांगितले. दुसऱ्या दिवशीही पेज आली. हे पहिले उदाहरण. दुसरे आपल्याच एका भगिनीचे. त्या दुसऱ्या एका उपनगरात राहतात. पाच वर्षे शेजारणींचे येणे-जाणे चांगले होते. एका वर्षी त्यांनी १४ एप्रिलला गॅलरीत दिवे लावले, आणि पुढच्या संक्रांतीपासून हळदीकुंकवाचे बोलावणे बंद झाले. कोणी वाईट बोलले नाही. नुसते बंद झाले. तेव्हा दार उघडा, सगळे ठीक होईल, असा उपदेश आम्ही करणार नाही. उघडल्यावर काय होईल हे उघडणाऱ्याच्या हाती पूर्णपणे नसते. पण त्या भगिनी काय म्हणाल्या तेही सांगितले पाहिजे. त्या म्हणाल्या, "चार गेल्या, पण वरच्या मजल्यावरची एक जण त्याच दिवशी जय भीम करून आत आली. तीही सहा वर्षं गप्पच होती." एका इमारतीत दोन घरे, दोघींनी एकमेकींपासून लपविलेले!

गावाकडे तरी काय आहे

'गावाला चला, तेथे शेजार आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा यात्रेपुरतेच गावी जातात. कुकडीच्या पाण्याने तालुक्याच्या पूर्व भागात ऊस आणि कांदा आला, आणि ज्यांना जमीन होती ते गावठाण सोडून आपापल्या शेतात वस्ती करून राहू लागले. घरे सुधारली, पण दोन घरांमध्ये उसाचे फड उभे राहिले. त्या उसात बिबट्या आला. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. तेव्हापासून दिवेलागणीनंतर वस्तीवरचा माणूस दुसऱ्या वस्तीवर नुसता गप्पा मारावयास जातो, हे जवळपास थांबलेच. म्हातारी माणसे संध्याकाळी सहालाच कडी लावतात. आपल्या लोकांपैकी ज्यांना जमीन थोडी ते गावठाणातच राहिले, पण तरुण मुले चाकण, भोसरी, पुण्याला. दहा घरांपैकी निम्म्यांना कुलूप. ज्या घरात आजी एकटी आहे तिला शेजार म्हणजे दोन कुलपे.

याच जुन्नर परिसरात, आपल्या गावापासून फार लांब नाही, डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. तेथील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सहलीला गेलेले विद्यार्थी मूर्ती आणि स्तूप पाहून परततात. त्यांनी एकदा या निवासी लेण्यांची रचना पाहावी. प्रत्येक भिक्खूला स्वतंत्र खोली, आत दगडी ओटा, एकट्याने बसावयाची सोय. पण पुष्कळ ठिकाणी खोलीचे दार उघडते ते सामाईक ओसरीत किंवा मंडपात, आणि टाके सर्वांचे. एकांत हवा आणि सोबतही हवी, हे त्या कारागिरांना कळले होते. फ्लॅट बांधणाऱ्याने खोली तेवढी ठेवली आणि ओसरी विकून टाकली.

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे एका वनात एकत्र राहत. तथागतांनी त्यांना तुम्ही कसे राहता म्हणून विचारल्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. दुधात पाणी मिसळावे तसे ते राहत, एवढेच आपण ऐकलेले असते. खरे शिकण्यासारखे पुढे आहे. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी आणि पाणी ठेवी. जो शेवटी येई तो आवराआवर करी. पाण्याचे भांडे रिकामे ज्याला दिसे तो भरी, आणि जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी. बोलणे जवळजवळ नाहीच. दर पाचव्या रात्री मात्र तिघे बसून धम्मचर्चा करीत. शेजारी होण्यासाठी गप्पिष्ट असावे लागत नाही, हे यातून दिसते. रिकामे भांडे दिसावे लागते, आणि पाचवा दिवस ठरलेला असावा लागतो. कचरा नेणाऱ्या त्या बाईने वेगळे काय केले? तिला नेमके नसलेली पिशवी दिसली.

आता व्यवहाराचे. जे एकटे राहतात त्यांनी घराची एक किल्ली त्याच इमारतीत कोणाकडे तरी द्यावी. विश्वास बसेपर्यंत निदान वॉचमनला आणि सेक्रेटरींना मुलाचा फोन नंबर तरी द्यावा. फोन बाथरूमच्या दारापाशी स्टुलावर ठेवावा, चार्जिंग नंतर होते. रोज एक ठरलेली खूण असावी : सकाळी आठपर्यंत खिडकीचा पडदा बाजूला झाला नाही तर समोरच्याने बेल वाजवावी, इतके सांगून ठेवणे पुरे. तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मन खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तरुणांनीही या क्रमांकाची लाज बाळगू नये. ज्यांचे वडील एकटे राहतात त्या मुलामुलींनी पुढच्या खेपेस गेल्यावर एक तास वडिलांबरोबर आणि एक तास शेजारच्या घरात बसावे. चहा आपणच न्यावा.

आपल्या मंडळाने दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघा-दोघांनी एकट्या राहणाऱ्या सभासदांकडे जाण्याचा क्रम सुरू केला आहे. पहिल्या तीन महिन्यांत नऊ घरे झाली. दोन घरी आम्हांस दारातूनच परत यावे लागले, एका घरी साडेतीन तास उठू दिले नाही. विद्यार्थ्यांपैकी कोणाला यावयाचे असल्यास नाव द्यावे. कल्याणच्या पुढच्या भागासाठी माणसे कमी पडतात.

या अंकाच्या शेवटी सभासदांची यादी छापली आहे. पत्ते या वेळी प्रत्यक्ष विचारून घेतले आहेत. यादीत एक नवा रकाना आहे : इमारतीतील शेजाऱ्याचे नाव. शंभरावर सभासदांपैकी बहुतेकांचा तो कोरा आहे. नानांचा भरलेला आहे. आमचाही अजून कोरा आहे. समोरच्या घरी काल बेल वाजवली, ते गावी गेले आहेत असे वॉचमनने सांगितले.